फवारणीआधी फूल उलटून बघा : परभणीच्या शिवारातला खेकडा कोळी

करडईच्या फुलावर मधमाशी बसली आहे, हात जवळ नेला तरी ती उडत नाही, फुंकर मारली तरी हलत नाही, असं दिसलं तर ते फूल खालून बघा. माशीच्या मानेशी बहुतेक वेळा एक पिवळा किंवा पांढरट कोळी चिकटलेला सापडेल. अंग चपटं, पोट मागे रुंद होत गेलेलं, पुढचे चार पाय लांब आणि जाड, मागचे चार चांगलेच आखूड. आसपास जाळ्याचा मागमूस नाही. फूल जरा हलवलं की तो तिरका सरकत पाकळीमागे जातो. हा खेकडा कोळी. थोमिसिडी हे त्याचं कुळ. त्या कुळातला शेतातल्या फुलांवर सहज दिसणारा वंश म्हणजे थोमिसस.

परभणी जिल्ह्यात मूग, उडीद, सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, करडई ही पिकं एकामागून एक फुलत जातात. त्यामुळे पावसाळा स्थिरावला की थेट फेब्रुवारीपर्यंत या कोळ्याला कुठलं ना कुठलं फूल मिळत राहतं. कापूस वेचणाऱ्या बायांच्या हाताखालून तो कितीतरी वेळा गेलेला असतो. पण तो कोण, त्याला ठेवायचं की मारायचं, हे त्यांना किंवा शेतमालकाला फारसं कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे कीड मारायला निघालेला फवारा किडीच्या शत्रूवरही तितक्याच जोराने पडतो. हे नुकसान टाळता येतं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी हा प्राणी डोळ्यांनी ओळखता आला पाहिजे. भिंग हातात असलं तर एका सकाळीत ते जमतं.

लाल कोळी वेगळा

औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक घोटाळा दूर करून घेऊ. कृषी सेवा केंद्रात कोळीनाशक म्हणून जे मिळतं ते लाल कोळ्यासाठी असतं. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला वस्ती करतो आणि पानाचा रस शोषतो. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्याचं अंग एकसंध, गोलसर, मध्ये कुठे कंबर नाही. पानावर आधी बारीक पांढरे ठिपके पडतात, मग पान तांबूस होऊन वाळतं, आणि प्रादुर्भाव वाढला की पानाखाली तलम जाळीही दिसते.

खेकडा कोळी त्याच्या कितीतरी पट मोठा. त्याच्या अंगाचे दोन भाग स्पष्ट दिसतात : पुढे डोकं आणि छाती एकत्र, मागे पोट, आणि दोहोंना जोडणारा बारीक देठ. पाय दोघांनाही आठच, त्यामुळे फक्त पाय मोजून निर्णय करू नका. कंबर शोधा. पान कुरतडणं किंवा त्याचा रस शोषणं हे खेकडा कोळ्याचं काम नाही, तो किडे धरतो. झाडावर कोळी दिसले म्हणून दुकानदाराला सांगितलं आणि त्याने कोळीनाशक दिलं, असं होऊ नये. भेंडीच्या किंवा वांग्याच्या प्लॉटमध्ये तर जास्तच जपा, कारण तिथे लाल कोळीही खरोखर येतो आणि दोघं एकाच झाडावर भेटू शकतात.

काय काय सोबत घ्यावं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, पारदर्शक झाकणाची डबी आणि पांढरं कापड, एवढं पुरतं. भिंग डोळ्याला लावून धरायचं आणि फूल भिंगाजवळ आणायचं. भिंग फुलापाशी धरून स्वतः लांबून बघितलं तर काहीच नीट दिसत नाही. नव्या माणसांचं बहुधा इथेच चुकतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरूनही चांगला फोटो येतो, फक्त हात टेकायला काठी किंवा गुडघा हवा.

वेळ सकाळची. ऊन चढलं की कोळी पाकळ्यांच्या सावलीत सरकतो आणि वारा सुटला की फूल स्थिर राहत नाही. करडईच्या बाबतीत सकाळचा आणखी एक फायदा आहे. दवामुळे काटे नरम असतात. वाळलेल्या करडईची काढणी लोक पहाटे करतात ती त्याच कारणाने.

कोळी बोटांनी उचलू नका. हा कोळी माणसाला धोकादायक नाही. त्याचं विष किड्यांसाठी आहे आणि त्याचे दात इतके लहान आहेत की त्याच्यामुळे माणसाला इजा झाल्याचं सहसा ऐकायला येत नाही. जपायचं ते त्याच्यासाठी. चिमटीत धरला की पाय तुटतो किंवा पोट फुटतं. डबी फुलाखाली धरा, वरून काडीने हलकं ढकला, तो स्वतःच आत पडेल. पडताना एक धागा सोडतो आणि त्या धाग्याला लटकतो. जाळं विणत नसला तरी रेशीम त्याच्याकडे असतं, हे तेव्हा कळतं.

अंगाची ओळख, एकेक करून

पहिल्यांदा पाय बघा, कारण ओळखीची निम्मी खात्री तिथेच होते. पुढच्या दोन जोड्या लांब, जाड आणि बाजूला पसरलेल्या. मागच्या दोन जोड्या आखूड आणि बारीक. इतर कोळ्यांचे पाय बहुतेक वर-खाली वाकतात. याचे पाय मुळाशी असे वळलेले असतात की ते आडवे, जमिनीला समांतर पसरतात. म्हणूनच तो पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना सारख्याच सहजपणे सरकतो. भिंगातून पुढच्या पायांची खालची बाजू दिसली तर तिथे काट्यांची रांग आढळेल. हे काटे आणि पायाच्या टोकाच्या नख्या किडा धरून ठेवण्यासाठी असतात. मागचे पाय फुलाला पकड ठेवतात, पुढचे शिकारीसाठी मोकळे राहतात. बसण्याची ढबही ठरलेली असते : पुढचे चारही पाय उघडून, फुलाच्या कडेला, हालचाल न करता. तासन्तास.

मग पोट. थोमिससच्या मादीचं पोट पुढे अरुंद आणि मागे रुंद असतं, वरून बघितलं तर कोपरे असलेला आकार दिसतो. मागच्या रुंद भागात दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा असतो. थोमिससचे हे दोन कोपरे नीट लक्षात ठेवा. इतर अनेक खेकडा कोळ्यांचं पोट गोल किंवा लांबट असतं.

आता डोकं. इथे भिंग लागेलच. डोळे आठ, दोन ओळींत चार-चार, आणि दोन्ही ओळी मागे वळलेल्या. डोळे छोटे असतात, उडी मारणाऱ्या कोळ्याचे जसे समोरचे दोन मोठे डोळे टक लावून बघताना दिसतात तसं इथे काही दिसत नाही. थोमिससच्या डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना मात्र टोकदार उंचवटे असतात आणि कडेचे डोळे त्या उंचवट्यांपाशी असतात. समोरून बघितलं की कपाळाच्या दोन बाजूंना लहान शिंगं असल्याचा भास होतो. पोटाचे दोन कोपरे आणि डोक्याचे दोन कोपरे, ही चार टोकं जुळली की वंश थोमिसस आहे असं मानायला चांगला आधार मिळतो.

मादीची लांबी साधारण ७ ते १० मिलिमीटर, पाय सोडून. मोजताना पाय धरायचे नाहीत, डोक्याच्या टोकापासून पोटाच्या टोकापर्यंतच मोजायचं.

नर मात्र वेगळाच

थोमिससच्या नरावर थोडं थांबायला हवं, कारण त्याला ओळखण्यात भलेभले फसतात. तो तिळाएवढा असतो : २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे मादीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. रंगही तिचा नाही. बहुतेक तपकिरी किंवा तांबूस, अंगाच्या मानाने पाय लांब, चाल चपळ. मादी पांढरी-पिवळी, जड, एका जागी बसलेली, आणि तिच्या आसपास हा चिमुकला तपकिरी कोळी फिरताना दिसला की बघणाऱ्याला वाटतं, हे तिचं पिल्लू असेल, किंवा दुसऱ्याच जातीचा कोळी तिची शिकार पळवायला आला असेल. कधी तो तिच्या पाठीवरच चढलेला असतो.

पिल्लू की नर, हे ठरवायची खूण तोंडापाशी आहे. पायांच्या पुढे, तोंडाच्या दोन बाजूंना, दोन आखूड अवयव असतात. त्यांना स्पर्शपाद म्हणतात. पिल्लांत आणि माद्यांत ते शेवटपर्यंत बारीक असतात. वाढ पूर्ण झालेल्या नरात त्यांची टोकं फुगून गाठीसारखी होतात. याच गाठीतून तो मादीला वीर्य देतो, आणि त्या गाठीची बारीक रचना प्रत्येक जातीत वेगळी असते. संशोधक जात ठरवताना आधी तिथे बघतात ते यामुळे. भिंगातून गाठ दिसली तर वहीत 'प्रौढ नर' असं लिहायला हरकत नाही.

शेतात नर कमी दिसतात, कारण ते लहान असतात आणि एका फुलावर टिकून बसत नाहीत. ते मादीच्या शोधात भटकतात. म्हणून एखादी मोठी मादी सापडली की त्याच फुलाच्या देठावर, खालच्या पानांवर आणि शेजारच्या कळीवर दोन मिनिटं शोधा. नर सापडण्याची शक्यता तिथेच जास्त.

रंगावर विसंबू नका

पांढरा कोळी एक जात, पिवळा दुसरी, गुलाबी तिसरी, अशी वाटणी करू नका. एकच मादी फुलानुसार रंग बदलू शकते. थोमिससच्या काही जातींत पांढरा, पिवळा आणि गुलाबी असे तिन्ही रंग आढळतात. हा बदल सरड्याप्रमाणे पाहता पाहता होत नाही, त्याला काही दिवस लागतात. त्वचेखालच्या पेशींत पिवळं द्रव्य साठत गेलं की अंग पिवळं होतं, ते ओसरलं की आतले पांढरे स्फटिक दिसू लागतात आणि अंग पांढरं होतं.

कापसाच्या शेतात याची गंमत बघता येते. कापसाचं फूल उमलतं त्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. कोळ्याला इतक्या झटपट रंग बदलता येत नाही. त्यामुळे गुलाबी झालेल्या फुलात पांढरी मादी ठळक उठून दिसते, आणि शोधणाऱ्यासाठी ती सोपी जागा ठरते. कपाशीत फुलाइतकंच पात्यांकडेही लक्ष द्या. पात्याला आणि बोंडाला वेढणाऱ्या हिरव्या पानांच्या आत कोळी दडून राहतो. कपाशीच्या पानाखालच्या शिरेवर आणि पात्याच्या बुडाशी गोड रसाच्या ग्रंथी असतात, त्या रसाला मुंग्या-माश्या येतात, आणि त्यांच्या मागे शिकारी येतो.

मधमाशीचा प्रश्न

या कोळ्याची नुसती बाजू घेऊन चालणार नाही. तो मधमाश्या खातो. फुलावर येणारी फुलोरी किंवा सातेरी माशी त्याच्यापेक्षा मोठी असली तरी तो तिला डोक्यामागे, मानेशी चावतो आणि ती फार लवकर निपचित पडते. त्याच्या जबड्यांना किडा चिरडून खाता येत नाही. चाव्याच्या बारीक छिद्रांतून पाचक रस आत सोडायचा आणि विरघळलेलं अन्न शोषून घ्यायचं, अशी त्याची रीत. म्हणून शिकार संपली तरी माशीचं कवच शाबूत राहतं, जिवंत असल्यासारखं. तो तिला धाग्यात गुंडाळतही नाही. फुलाखाली जमिनीवर अशी पोकळ, हलकी माशी पडलेली दिसली तर वरचं फूल तपासा.

फूल निवडण्यातही त्याचा डाव असतो. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात आले. त्यात थोमिसस स्पेक्टाबिलिस ही जात होती, आणि ही जात भारतातही आढळते. पांढऱ्या फुलावर बसलेला हा कोळी आपल्याला पांढराच दिसतो, पण अतिनील प्रकाशात तो चमकतो आणि मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो. त्या प्रयोगात मधमाश्या कोळी नसलेल्या फुलांपेक्षा कोळी असलेल्या फुलांकडे जास्त वळल्या. ज्याला आपण लपणं समजतो ते माशीच्या डोळ्यांना आमंत्रण ठरू शकतं.

मग करडई, सूर्यफूल, तूर अशा माशीवर अवलंबून असलेल्या किंवा माशीने फायदा होणाऱ्या पिकांत हा कोळी नको का? माझं मत असं : एका फुलावर एक कोळी दिवसभरात एखादी माशी धरतो, आणि शेतात फुलं हजारोंनी असतात. त्याच शेतात सकाळी दहा वाजता, माश्या फुलांवर असताना मारलेला एक फवारा जेवढ्या माश्या मारतो, त्याच्यापुढे कोळ्याचा घास क्षुल्लक आहे. मधपेट्या ठेवणाऱ्याने पेटीच्या अगदी समोरच्या फुलांवरचे कोळी डबीत धरून दुसऱ्या कोपऱ्यात सोडले तर हरकत नाही. त्यापलीकडे काही करण्याची गरज मला दिसत नाही.

तो पिकाला किती उपयोगी, हेही फुगवून सांगू नये. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर या कोळ्याच्या हाती लागत नाही. फुलावर येणाऱ्या माश्या, छोटे पतंग, तुडतुडे, ढेकूण वर्गातले छोटे किडे, हाताला लागेल ते तो धरतो. शेतातल्या कोळ्यांची फौज अनेक प्रकारची असते : जमिनीवर धावणारे, पानावर उड्या मारणारे, ओळींमध्ये गोल जाळी लावणारे. खेकडा कोळी त्या फौजेत फुलाची जागा सांभाळतो. ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकिड्यांसोबत मिळून या सगळ्यांचा परिणाम होतो.

सारखे दिसणारे

फुलावर किंवा पानावर बसलेला प्रत्येक कोळी खेकडा कोळी नसतो. पायांवर लांब, उभे, काळे काटे दिसत असतील आणि तो टुणकन उडत असेल तर तो ऑक्सिओपस, कपाशीत आणि सोयाबीनमध्ये फार आढळणारा. समोर दोन मोठे डोळे असतील तर उडी मारणारा कोळी. आडवे पाय असूनही आठही पाय जवळपास सारख्याच लांबीचे असतील आणि तो भराभर पळत असेल, तर तो जवळच्या दुसऱ्या कुळातला, फिलोड्रोमिडी.

खेकडा कोळ्यांच्या कुळातही थोमिसस सोडून इतर वंश भेटतील. ज्वारीच्या पानाला समांतर, पुढचे पाय सरळ समोर ताणून बसलेला, लांबट, गवताच्या रंगाचा कोळी बहुधा रन्सिनिया असतो. पूर्ण हिरवा, लांबट आणि पानावर अंग पसरून असलेला ऑक्सिटेट. जमिनीवर, पालापाचोळ्यात, मातकट रंगाचे आणखी लहान खेकडा कोळी असतात. ते शोधायला पाचोळा पांढऱ्या कापडावर चाळावा लागतो.

कधी कुठे शोधाल

ऑगस्टमध्ये मूग-उडीदाच्या फुलांवर आणि बांधावरच्या रानफुलांवर लहान, अर्धवट वाढलेले कोळी जास्त मिळतात. सोयाबीनचं फूल पानाआड असतं, तिथे डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा दोन ओळींमध्ये पांढरं कापड पसरा आणि दोन्हीकडची झाडं त्यावर वाकवून झटका. अळ्या, ढेकूण, कोळी सगळे कापडावर पडतील आणि कीड किती, मित्र किती, याचा अंदाज एकाच वेळी येईल. मानवत-सेलूकडच्या कपाशीच्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबर हा चांगला काळ. तूर फुलली की तिच्या पिवळ्या झुबक्यांत बघा. तिथे पिवळी मादी अक्षरशः डोळ्यांसमोर असून दिसत नाही. फुलांचा झुबका खालून वर बघत जा, आडव्या पसरलेल्या पायांची रेघ आधी नजरेत भरते. जानेवारीत करडई. जिंतूरच्या माळरानावर किंवा गंगाखेड-पालमकडे गोदावरीच्या काठाने जाताना रस्त्याकडेची घाणेरी आणि तरवडही सोडू नका.

घरात बसूनही एक पाहणी होते. भिंतीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. ती कोळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांसाठी त्या मातीच्या खोल्यांत भरून ठेवते. साफसफाईत असं घर पडून फुटलं तर फेकण्याआधी आत बघा. त्यात रंगीत खेकडा कोळीही सापडू शकतात, आणि तुमच्या घराभोवतीच्या फुलांवर कोण राहतं ते समजतं.

दुमडलेलं पान दिसलं, कडा रेशमाने जोडलेल्या असल्या, तर ते सोलून काढू नका. मादी पान दुमडून त्यात चपटा अंडकोश करते आणि त्यावर पहारा देत बसते. त्या काळात तिचं पोट आक्रसलेलं असतं आणि ती हाकलूनही हलत नाही. पिल्लं बाहेर पडली की उंच टोकावर चढून धागा हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या शेतातही पोचतात. शेजारच्या शेतात फवारा झाला तरी तुमच्या बांधावर माद्या टिकल्या असतील तर त्याच पुन्हा पसरतात.

फवारणीचा निर्णय

आठवड्यातून एकदा शेताच्या चारही बाजूंनी आणि मधून मिळून वीसेक झाडं बघा. किडीची संख्या आर्थिक नुकसान पातळीच्या खाली असेल तर थांबा. कपाशीत ही पातळी तुडतुड्यांसाठी पानामागे २ ते ३ पिल्लं, मावा आणि फुलकिड्यांसाठी प्रत्येकी १०, पांढऱ्या माशीसाठी ८ ते १० प्रौढ अशी धरली जाते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली. पातळी ओलांडली नसताना 'शेजाऱ्याने मारलं म्हणून' मारलेला फवारा सगळ्यात महाग पडतो. त्याने कोळी आणि ढालकिडे जातात, पांढरी माशी मात्र काही दिवसांत पुन्हा उसळते.

सुरुवातीच्या रस शोषणाऱ्या किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून साबणाचं पाणी मिसळून एकूण १०० लिटर करायचं. कोळ्यांना त्याचा त्रास कमी होतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कोळ्यांवर फार कठोर असतात. हंगामाच्या सुरुवातीला ती टाळलीत तर नैसर्गिक शत्रू टिकतात. रसायन मारावंच लागलं तर संध्याकाळी, माश्या फुलांवरून गेल्यावर मारा.

बांध पूर्ण साफ करण्याचा आग्रह सोडा, पण गाजरगवत मात्र काढाच, कारण कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्यावर वाढतो. त्या जागी कडेने चवळी आणि झेंडू लावा. फुलं राहतील आणि कोळीही.

नाव आणि नोंद

थोमिसस हा वंश १८०५ साली फ्रेंच अभ्यासक वाल्केनार यांनी मांडला. जगभरात त्याच्या शंभराहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या अभ्यासावर सगळ्यात मोठा ठसा बी. के. टिकादार यांचा आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात त्यांनी काम केलं आणि १९६३ ते १९६५ या काळात थोमिससच्या जातींना दिलेल्या नावांत कात्रज घाट, पुणे आणि शिवाजी ही नावं आणली : कात्रजघाटस, पूनियस, शिवाजीएन्सिस. भारतातल्या खेकडा कोळ्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९८० साली आला. त्यात जी बारीक मोजमापं आणि आकृत्या आहेत त्या बघितल्या की फोटोवरून जातीचं नाव ठामपणे सांगणं किती धाडसाचं आहे, हे लक्षात येतं. तुमच्या वहीत 'थोमिसस, मादी' एवढं लिहिणं पुरेसं आहे. जातीचं नाव लिहायचं तर नराच्या स्पर्शपादाची किंवा मादीच्या पोटाखालच्या जननभागाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लागते.

फोटो काढताना तीन बाजू घ्या : वरून, जेणेकरून पोटाचे कोपरे दिसतील, समोरून, डोक्याचे उंचवटे आणि डोळे दिसतील असा, आणि शेजारी पट्टी ठेवून. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकताना पिकाचं नाव आणि तालुका नक्की लिहा. नुसता फोटो टाकण्यापेक्षा 'तूर, पाथरी तालुका, डिसेंबर' असं असलं की नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. शंका असेल तर परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आहे. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, आणि दरवर्षी त्या सुमारास खरीप मेळावा भरतो. तिथे भिंगातले फोटो घेऊन जा.

नमुना पाठवायची वेळ आली, आणि तसं कोणी अभ्यासकाने सांगितलं असेल तरच, एक प्रौढ मादी किंवा नर छोट्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक, झाडाचा कुठला भाग, आणि जिवंत असताना रंग काय होता, हे सगळं हवं. रंग विशेष आठवणीने लिहा, कारण अल्कोहोलमध्ये काही दिवसांत पिवळी मादी फिकट पडते आणि ती पांढरी होती की पिवळी हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.